कॉमेडियन राजू श्रीवास्तव गेले... आठवणी इथे लिहूया

बोरकूट | २१ सप्टेंबर २०२२, दुपारी

सकाळी फोनवर बातमी बघितली आणि हातातलं काम तसंच टाकून बसले. राजू श्रीवास्तव गेले. १० ऑगस्टला दिल्लीत जिममध्ये व्यायाम करताना कोसळले तेव्हापासून एम्समध्येच होते, चाळीस दिवसांच्या वर झाले, म्हणजे राखी गेली, दहीहंडी गेली, गणपती येऊन गेले आणि मी रोज बाबांच्या नकळत बघायचे की आज काही सुधारणा आहे का. मधे एकदोनदा बरं आहे अशा बातम्या आल्या तेव्हा वाटलं उठतील. ५८ हे काय जायचं वय आहे का.

आमच्या घरात हा माणूस नातेवाईकासारखा होता. बाबा एसटीत कंडक्टर. २००५ ला स्टार वनवर ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज सुरू झालं तेव्हा ड्यूटी लावून घेताना ती एक रात्र मोकळी ठेवायला बाबा डेपोत सगळ्यांच्या विनवण्या करायचे. टीव्हीसमोर आम्ही चौघं, आणि राजूचा पंच, म्हणजे हशाचं वाक्य, यायच्या जरा आधी बाबांना कळायचंच की आता येतोय, मग ते डावा हात वर करायचे, आम्ही कुणी बोलत असलो तर गप्प बसायचं. हात वर गेला की आई पण भाकरी थापायची थांबायची.

आणि गंमत म्हणजे बाबांना राजू टीव्हीच्या कितीतरी आधीपासून माहीत होता, त्याच्या कॉमेडीच्या कॅसेटमुळे. पहिल्यांदा टीव्हीवर आला तेव्हा बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि एकदम म्हणाले, अगं हा तर आपला कॅसेटवाला!

तीन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द येत नाही. आज त्यांना सांगायचं की नाही तेच कळत नाहीये. तुमच्या आठवणी लिहा प्लीज, मी त्यांना वाचून दाखवेन.

मधला_बाक | २१ सप्टेंबर २०२२, दुपारी

भावपूर्ण श्रद्धांजली. बोरकूट, सांगा बाबांना. आज ना उद्या टीव्हीवर दिसेलच, तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

आमच्या होस्टेलला एकच टीव्ही होता आणि क्रिकेट सोडून दुसऱ्या कशासाठी पोरं खाली बसलेली मी पहिल्यांदा लाफ्टर चॅलेंजला बघितली. दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत प्रत्येक जण गजोधर, राजूचा तो गावाकडचा माणूस.

आडगाव | २१ सप्टेंबर २०२२, दुपारी

आम्ही विदर्भातले म्हणून त्या सीझनला आमचा जीव सुनील पालमध्ये, हिंगणघाटचा पोरगा! तो जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले, एहसान कुरेशी दुसरा आणि राजू तिसरा. पण खरं सांगतो, त्या रात्री फटाके उडवून घरी आल्यावर आजोबा म्हणाले होते, जिंकला आपला पोरगा ते चांगलंच झालं, पण तो तिसरा आलेला आहे ना तो माणूस लई खोल आहे. नंतर चॅम्पियन्सची स्पर्धा झाली त्यात राजू पहिला आला, किंग ऑफ कॉमेडी म्हणून.

आज हिशोब केला. जन्म २५ डिसेंबर १९६३ चा, म्हणजे लाफ्टर चॅलेंजला उभा राहिला तेव्हा ४१ वर्षांचा. तेजाब १९८८, मैने प्यार किया १९८९, बाजीगर १९९३, सगळीकडे आहे तो, अगदी छोट्या छोट्या कामांत, मैने प्यार किया मध्ये तर ट्रकचा क्लीनर. इतकी वर्षं धंद्यात काढल्यावर परत नवख्या पोरांच्या रांगेत नंबर लावून उभं राहायचं, समोर सिद्धू आणि शेखर सुमन मार्क देणार, याला काळीज लागतं राव.

साउंडचेक | २१ सप्टेंबर २०२२, रात्री

मी जवळजवळ वीस वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्राला साउंड केलं, दीनानाथ, शिवाजी मंदिर, षण्मुखानंद, आणि गणपती नवरात्रात तर कुठल्या कुठल्या मैदानांवर. ती पद्धत माहीत नसेल तर राजू कुठून आला ते कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितो.

ऑर्केस्ट्रात मिमिक्रीवाल्याचा स्वतःचा असा कार्यक्रम नसतो. गायिका साडी बदलायला आत गेली, ढोलकीची पुडी उतरली, की-बोर्डची वायर तुटली की निवेदक विंगेत बघून खूण करतो आणि मिमिक्रीवाला बाहेर. पाच मिनिटं म्हणून जातो, कधी दोन मिनिटांत परत बोलावतात तर कधी पंधरा मिनिटं खेचायला लावतात. पब्लिक गाणी ऐकायला आलेलं असतं, त्याला बघून अर्धे लोक उठून वडापाव आणायला जातात. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या उठलेल्या माणसाला परत खुर्चीत बसवायचं, हीच परीक्षा. जॉनी लिवर याच शाळेतला आणि राजू पण. कल्याणजी-आनंदजी, बप्पी लाहिरी, नितीन मुकेश यांच्या शोमध्ये देशात परदेशात त्याने काम केलेलं.

तेव्हा प्रत्येक मिमिक्रीवाला अमिताभ करायचा, नाही केला तर काम मिळायचं नाही. राजूचा अमिताभ चांगलाच होता, चेहऱ्याची ठेवण पण थोडी तशी, सुरुवातीला त्याच्यावरच ओळख झाली. पण अमिताभ, शत्रुघ्न, राजकुमार यांची नक्कल म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं, लोकांच्या कानात मूळ आवाज असतोच, तुम्ही फक्त आठवण करून द्यायची. गजोधर कुणी बघितला होता? कुणीच नाही. त्याचा मूळ आवाज कुणाच्या कानात नव्हता. तरी राजूने मान जरा पुढे काढली, खांदे पाडले, तोंडात पान असल्यासारखे ओठ केले की कन्याकुमारीचा माणूस पण हसायचा, कारण हा माणूस आपल्या ओळखीचा आहे असं त्याला वाटायचं. अनोळखी माणसाची नक्कल करून ती ओळखायला लावणं, माझ्या बघण्यात हे दुसऱ्या कुणाला इतकं जमलेलं नाही.

आणि माइकचं सांगतो, माझा विषय. बरेच कॉमेडियन हशा आला की माइक तोंडाशीच धरून पुढचं वाक्य सुरू करतात, हशा खाली वाक्य मरतं. राजूच्या क्लिप बघा आता परत, हशा आला की माइक हळूच छातीपर्यंत खाली. चेहरा चालू, शरीर चालू, आवाज बंद. हशा उतरायला लागला, पूर्ण उतरायच्या आधी, माइक परत वर. बोरकूट, तुमचे बाबा हात वर करायचे ना, ते नेमकं हेच पकडत होते. कंडक्टर माणूस, रोज पन्नास जणांचा गलका ऐकून त्यातून आवाज काढायची सवय, त्यांना टायमिंग कळणारच.

बोरकूट | २१ सप्टेंबर २०२२, रात्री

साउंडचेक दादा, तुमचा प्रतिसाद मी आत्ता बाबांना वाचून दाखवला. म्हणजे सांगितलं त्यांना. आधी नुसते छताकडे बघत राहिले, मग माइकचं वाचलं तेव्हा डाव्या हाताची मूठ छातीपर्यंत आणली आणि परत तोंडाशी नेली. दोनदा केलं तसं.

गंगाकाठ | २२ सप्टेंबर २०२२, सकाळी

माझं शाळेचं सगळं शिक्षण कानपूरला झालं, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कानपुरी. त्यामुळे राजू टीव्हीवर बोलायला लागला की मला आमच्या कॉलनीचं फाटक दिसायचं.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही, राजूचे वडील रमेशचंद्र श्रीवास्तव हे कवी होते, बलई काका या नावाने कविसंमेलनं गाजवायचे. राजूचं खरं नाव सत्यप्रकाश. तिकडची कविसंमेलनं म्हणजे रात्रभर चालतात, थंडीत लोक रजया पांघरून बसतात आणि हास्यकवी मधे मधे पेरलेले असतात, कुणी पेंगायला लागलं की त्याला जागं ठेवायला. त्यात कवी कविता म्हणायच्या आधी एक लांबलचक किस्सा सांगतो, गावाकडचा, काकाचा, मेहुण्याचा, आणि बरेचदा कवितेपेक्षा तो किस्साच लोकांना आवडतो. राजूच्या सांगण्याची घडण मला तीच वाटते. घाई नाही. आधी माणूस उभा करायचा, मग त्याची चप्पल, मग तो बसलाय ती खाट, मग ते खाटेचं करकरणं, आणि खाटेलाच बोलायला लावायचं. वस्तूंना बोलतं करणारा तो. लग्नाच्या पंगतीतलं जेवण, गर्दीची लोकल, त्याच्या हातात आलेली कुठलीही वस्तू मुकी राहायची नाही.

कानपूरकडे 'हम' म्हणतात, 'मैं' नाही. मुंबईत आलेल्या आमच्यासारख्या पोरांना त्या 'हम' वरून भय्या म्हणून चिडवायचे, आडनाव मराठी असून सुद्धा. २००५ नंतर कॉलेजात तीच पोरं माझ्याकडे येऊन विचारायला लागली, अगं ते गजोधर बोलतो तसं बोलून दाखव ना. लाज वाटायची ती भाषा एका माणसामुळे माझ्या जिभेवर परत आली, हे ऋण मोठं आहे माझ्यावर.

आज दिल्लीत निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार आहेत. कानपूरच्या मैत्रिणींचे रात्रीपासून मेसेज चालू आहेत.

तिखटमीठ | २२ सप्टेंबर २०२२, दुपारी

श्रद्धांजली आहेच, पण धाग्यावर सगळं गोडच लिहायचं असेल तर ते मला बरोबर वाटत नाही. बायकोवरचे जोक, जाड्या माणसांवरचे जोक, ते पण राजूनेच केले आणि भरपूर केले. मी शाळेत वजनाने जास्त होते, टीव्हीवर असले जोक झाले की दुसऱ्या दिवशी वर्गात मला ते ऐकायला लागायचे. गजोधरवर मी पण पोट दुखेपर्यंत हसलेय. दोन्ही खरं आहे.

आडगाव | २२ सप्टेंबर २०२२, दुपारी

माणूस जाऊन एक दिवस झाला नाही, आजच लिहायला हवं होतं का हे?

गंगाकाठ | २२ सप्टेंबर २०२२, संध्याकाळी

आडगाव, लिहू दे त्यांना. मला त्यांचं पटलं. त्या काळात सगळेच तसे जोक करत होते म्हणून ते कुणाला लागले नाहीत असं होत नाही. फक्त माझं म्हणणं एवढंच की राजूचं जे टिकलंय ते कुठलं बघा. बायकोवरचे जोक आज कुणाला आठवत नाहीत, या धाग्यावर सुद्धा कुणी आठवले नाहीत. आठवतोय तो गजोधर. गावाकडचा माणूस शहरात येतो, बावचळतो, पण राजू त्याला कधी मूर्ख करत नाही. तो मॉल बघून जे प्रश्न विचारतो ते प्रश्न बरोबरच असतात, उत्तर द्यायला शहरवाल्याकडे काही नसतं. हसू येतं ते शहराचं येतं. जिथे तो त्या माणसाच्या बाजूने उभा राहिला तिथे तो सर्वांत मोठा झाला असं मला वाटतं.

तिखटमीठ | २२ सप्टेंबर २०२२, रात्री

हे मान्य. आणि मोठ्या माणसांसमोर पण तो दबला नाही हे मी मान्य करतेच, लालूप्रसादांच्या समोर उभं राहून लालूप्रसादांचीच नक्कल केलेली आणि लालू स्वतः हसत होते, ती क्लिप मी काल तीनदा बघितली.

मधला_बाक | २२ सप्टेंबर २०२२, रात्री

त्यांच्या राजकारणावर (२०१४ चं समाजवादीचं तिकीट, ते परत केलं, मग भाजप) इथे नको चर्चा करूया, दुसरीकडे चालू आहेच.

आपल्याकडे एकट्याने रंगमंच भरायची सवय आधीपासून होती म्हणून कदाचित मराठी माणसाला राजू लगेच भिडला असेल. प्रा. लक्ष्मण देशपांडे वऱ्हाड निघालंय लंडनला मध्ये एकटेच ५२ पात्रं करायचे, गळ्यातल्या उपरण्याचं कधी पदर तर कधी पगडी. ते २००९ मध्ये गेले. माझ्या आईने दोघांना एकाच मापाने मोजलं, म्हणायची, यांच्याकडे सामान काही नाही पण स्टेज रिकामं दिसत नाही.

पांढरा_कोट | २३ सप्टेंबर २०२२, सकाळी

डॉक्टर म्हणून थोडं लिहितो, कारण दोन दिवस व्हॉट्सअॅपवर फिरतंय की जिममुळे माणूस मेला, व्यायाम बंद करा. कृपा करून असलं पुढे पाठवू नका. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नळी बंद होते, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय सांगू शकतो. कार्डिअॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलायचं कामच थांबतं, माणूस काही सेकंदांत कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं. अरेस्टनंतर चार-पाच मिनिटं रक्त मिळालं नाही तर मेंदूला इजा व्हायला लागते, मग हृदय परत सुरू झालं तरी शुद्ध येईलच असं नाही. म्हणून कितीतरी पेशंट असे आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहतात, आणि बाहेर नातेवाईक रोज विचारतात आज डोळे उघडले का.

समोर कुणी कोसळलं, हाक मारून हलवून उत्तर नाही आणि नीट श्वास नाही तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात निदान पाच सेंटिमीटर खोल, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. एकदा प्रशिक्षण घ्या, दोन तासांचं काम आहे. आणि चाळिशीनंतर, त्यातून बीपी, शुगर किंवा आधी अँजिओप्लास्टी झालेली असेल तर व्यायाम किती करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पण करा.

मी रेसिडेंट असताना नाइट ड्यूटी संपल्यावर झोप यायची नाही, तेव्हा राजूच्या क्लिप लावून पडायचो. त्याच्या आवाजावर किती सकाळी झोपलोय मी.

आडगाव | ६ ऑक्टोबर २०२२

धागा वर काढतोय. लाफ्टर चॅलेंजचाच पराग कंसारा पण गेला. वडोदऱ्याचा, गंभीर चेहऱ्याने बोलायचा तो. महिना पण झाला नाही मधे. त्याच सीझनमधला भगवंत मान यंदा मार्चमध्ये पंजाबचा मुख्यमंत्री झाला. एका स्टेजवर उभे राहिलेले सगळे, कुठे कुठे गेले.

तिखटमीठ, मागे तुम्हाला तोडून बोललो, राग मानू नका.

तिखटमीठ | ६ ऑक्टोबर २०२२

नाही हो, राग कसला. पराग कंसारांना श्रद्धांजली.

बोरकूट | ७ ऑक्टोबर २०२२

साउंडचेक दादा, एक विचारायचं होतं. दिवाळीची साफसफाई काढली तर माळ्यावर बाबांची ती कॅसेट सापडली, बाबांच्या जुन्या तिकिटाच्या पेटीत, तिकिटांच्या गड्ड्यांबरोबर. लेबल पुसलंय, कव्हर नाही. दुकानात दिली तर म्हणे मशीन नाही आता कुणाकडे. तुमच्याकडे काही होईल का?

साउंडचेक | ७ ऑक्टोबर २०२२

पाठवा. डेक आहे माझ्याकडे अजून चालू. कुरियर करताना जाड कापडात गुंडाळा आणि पेन्सिल घालून टेप घट्ट करून घ्या, ढिली पाठवू नका. पत्ता मेसेज केलाय.

साउंडचेक | १ नोव्हेंबर २०२२

काम झालंय पण आधी इथे थोडं लिहितो मग फाइल पाठवतो.

कॅसेट बाहेरून बरी होती. मधे जिथे टेप हेडला टेकते तिथे पत्रीवर एक नमद्याचा तुकडा असतो, तो गळून पडलेला, त्यामुळे आवाज मंद आणि खरखरीत. दुसऱ्या एका कॅसेटमधला काढून बसवला. सुरुवातीचा टेपचा थोडा भाग चुरगळला होता तो इस्त्री केल्यासारखा बोटाने सपाट केला, तिथे दोन सेकंद आवाज बुडतो, त्याला इलाज नाही.

आता मुद्द्याचं. विकतच्या कॅसेटला पाठीमागच्या कडेला दोन भोकं असतात, वरून कुणी रेकॉर्ड करू नये म्हणून ती झडप मोडलेली असते. तुमच्या कॅसेटच्या एका भोकावर सेलोटेप लावलेली होती, पिवळी पडलेली. म्हणजे घरात कुणीतरी मुद्दाम त्याच्यावर रेकॉर्ड केलंय. म्हणून बी साइड शेवटपर्यंत ऐकली. राजूचा आयटम मधेच तुटतो आणि चार मिनिटं एक वेगळा माणूस बोलतो. तोच आयटम. हिंदी मराठी वळणाची. एकदा चुकतो, अं हं म्हणतो, परत पहिल्यापासून घेतो. मागे कुठेतरी भांडी वाजतायत आणि लहान मुलगी विचारते की झालं का. मी दुसरं काही बोलत नाही, फाइल मेलवर टाकली आहे.

बोरकूट | २५ डिसेंबर २०२२

इतके दिवस लिहायला जमलं नाही, माफ करा. आज राजूचा वाढदिवस म्हणून लिहिते.

तो आवाज बाबांचाच आहे. आईला आठवलं, डेपोत कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन होतं त्यासाठी बाबा रात्री रात्री प्रॅक्टिस करायचे, कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्याच कॅसेटवर. झालं का विचारणारी मी. तीन वर्षांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्याआधी मोबाइलवर कुणी असं रेकॉर्ड करून ठेवलंच नाही काही.

लगेच लावायची हिंमत होईना. त्यांना वाईट वाटेल का, अजून खचतील का. पांढरा_कोट सरांना मेसेज करून विचारलं, ते म्हणाले आधी सांगा की काय लावणार आहात आणि मग लावा, त्यांनी थांबवलं तर थांबवा.

काल रात्री लावलं. उशा लावून टेकून बसवलं, आई पलीकडे, भाऊ व्हिडिओ कॉलवर. राजू सुरू झाला, बाबा ऐकत होते. मग ती खरखर आली आणि त्यांचा आवाज. आई रडायला लागली, मी काहीतरी बोलायला गेले, भाऊ फोनवरून काय झालं काय झालं विचारत होता.

आणि बाबांनी डावा हात वर केला. पंच यायचा होता.